कनिष्ठेची सवाष्ण

पोतनीसांच्या घरी महालक्ष्म्या बसल्या की ज्येष्ठेच्या पुढ्यातल्या पाटावर घरची सवाष्ण जेवायची आणि कनिष्ठेच्या पुढ्यातल्या पाटावर शेजारची. शेजारची म्हणजे गल्लीतली नाही, ओळखीतली नाही. भिंतीला भिंत लागलेल्या घरातली. हा नियम कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. घराणं भोसल्यांच्या चाकरीत नागपुरात आलं तेव्हापासूनचा असेल, असं सासूबाई इंदुताई म्हणायच्या, आणि त्यांनी म्हटलं की तसंच असायचं. नागपूरच्या महाल भागात राहत होते तोवर त्या नियमाकडे कोणाचं लक्षही गेलं नव्हतं. भिंतीपलीकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच कुटुंब होतं. त्यांच्यातली थोरली गेली की तिची सून यायची, पाय धुवून घ्यायची, पाटावर बसायची, जेवून पान खाऊन घरी जायची. नियमाला दात असतात हे कळायला थोरल्या सुनेला, चारुलताला, शहराबाहेर बेसाला राहायला यावं लागलं.

महालातलं घर विकलं गेलं तेव्हा धाकटा दीर उन्मेष याने शहरातच, त्रिमूर्तीनगरात फ्लॅट घेतला. चारुलताच्या नवऱ्याने, विश्वनाथने, बेसाला रो-हाउस घेतलं. ओळीतलं शेवटचं. एका अंगाला मोकळा प्लॉट, त्यात गाजरगवत आणि लोकांनी फेकलेल्या नारळाच्या शेंड्या. दुसऱ्या अंगाला शेजारच्या घराची सामाईक भिंत. इथून शहर अगदी जवळ, असं घर दाखवणाऱ्याने सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. शहर जवळ होतं, शहरातले नातेवाईक तेवढे लांब गेले. इंदुताई उन्मेषकडे राहिल्या. बेसाच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं. पण महालक्ष्म्या थोरल्याकडेच असायच्या, म्हणून देवीचे मुखवटे चारुलतासोबत बेसाला आले.

चारुलताला ह्याचं किती होतं ते तिलाच माहीत. रामटेकच्या शाळेतल्या कारकुनाची मुलगी, पोतनीसांच्या घरात आली तेव्हा तिच्या बोलण्यापासून तिच्या कढीपर्यंत सगळ्याला नावं ठेवून झाली होती. पहिली काही वर्षं मुखवट्यांना हात लावू दिला नाही. मग एका वर्षी इंदुताईंचा खांदा धरला आणि देवीला साडी कोणी नेसवायची हा प्रश्न आला. चारुलताने नेसवली. निऱ्या अशा पडल्या की आरतीला आलेल्या बाया देवीऐवजी निऱ्यांकडेच बघत होत्या. तेव्हापासून ते काम तिचं झालं. देवीच्या धडाच्या कोथळीत धान्य किती भरायचं म्हणजे देवी झुकत नाही, पदर कुठे टाचायचा म्हणजे खांदा बाईसारखा दिसतो, फुलोऱ्याची करंजी कोणत्या दोऱ्याला लावायची म्हणजे तुटून पडत नाही, हे सगळं तिच्याकडे आलं. वर्षातले ते तीन दिवस घरातला प्रत्येक जण काहीही करायच्या आधी तिला विचारायचा. बाकीच्या दिवसांत मुलगी पुण्याहून फोन करायची तीसुद्धा ‘बाबा आहेत का’ म्हणून.

बेसातल्या पहिल्या वर्षी शेजारी भाड्याने राहणारी एक बाई होती. ती बसली, निभावलं. दुसऱ्या वर्षी ते घर बंद होतं. मग धाकटी जाऊ सुरुची हिने आपल्या बिल्डिंगमधली एक मैत्रीण गाडीत घालून आणली आणि पाटावर बसवली. त्या हिवाळ्यात उन्मेष पायऱ्यांवरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. इंदुताईंनी पलंगावर प्लॅस्टर घालून पडलेल्या मुलाकडे पाहिलं आणि मग चारुलताकडे पाहिलं. दवाखान्यातून निघताना सुरुची गोड आवाजात म्हणाली, “वहिनी, तुम्हालाच किती त्रास होतो ना तिकडे. पुढच्या वर्षी नीट झालं नाही तर आमच्याकडे बसवू, आईंचं म्हणणं आहे.”

नीट म्हणजे काय, ते सांगायची गरज नव्हती.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या घरात माणसं आली. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. गेटवर काळ्या दगडाची पाटी लागली, ‘धम्मानंद खोब्रागडे’. दार उघडं असलं की समोरच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा मोठा फोटो रस्त्यावरून दिसायचा. चारुलताने पाटी वाचली, फोटो पाहिला आणि आपल्याला असल्या गोष्टींनी काही फरक पडत नाही, हे स्वतःला सांगितलं. हे तिला दिवसातून दोनदा सांगावं लागलं, एवढंच.

धम्मानंदची नोकरी मौद्याच्या वीजकेंद्रावर. तो पहाटेच निघून जायचा. त्याची बायको नंदिनी सीताबर्डीवर विम्याच्या ऑफिसात होती. चारुलताचं सरकारी ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये. दोघींना मेट्रोच्या उज्ज्वलनगर स्टेशनपर्यंत जायचं असायचं. चारुलताला गाडी चालवता यायची नाही, आणि बेसा ते मनीषनगर या रस्त्यावर शेअर ऑटोत कोंबून जायचं म्हणजे ऑफिसला पोचेपर्यंत साडी पोतेऱ्यासारखी व्हायची. एक दिवस नंदिनीने ॲक्टिव्हा थांबवली.

“ताई, स्टेशनला का? बसा न.”

मग रोजचंच झालं. नंदिनीने तिच्यासाठी जास्तीचं हेल्मेट आणलं. चारुलता मागे बसून ट्रक दिसला की पाय आखडायची.

“ताई, तुम्ही मागून ब्रेक मारून राहिल्या. माझी गाडी तिथून नाही थांबत.”

“तू पुढे बघ बाई.”

“पुढेच बघून राहिली. मागं बघायला तुम्ही आहा न.”

मेट्रोत दोघी शेजारी उभ्या राहायच्या. नंदिनी बर्डीला उतरायची, चारुलता पुढच्या झिरो माइलला. ऑफिसातल्या साहेबांच्या नकला, पार्लरवाली, थायरॉइडच्या गोळ्या, नवरे. चारुलताला इतकं बोलायला कित्येक वर्षांत कोणी मिळालं नव्हतं. तिने नंदिनीला लिंबाचं लोणचं दिलं, जामच्या रिकाम्या बाटलीत. द्यायचं ते परत न येणाऱ्या भांड्यात द्यायचं, ही तिची पद्धत होती. नंदिनीने ती बाटली धुवून, जवसाची चटणी भरून परत दिली. ती चटणी फ्रीजमध्ये बरेच दिवस राहिली. मग चारुलताने ती धुणंभांडीवाल्या बाईला देऊन टाकली आणि नंदिनीला म्हणाली, “काय चव होती गं!” नंदिनीच्या घरात चारुलता स्वतः कधी गेली नव्हती. वेळच होत नाही, असं दोघी म्हणायच्या.

भाद्रपद लागला तसा सुरुचीचा फोन आला.

“वहिनी, आई विचारून राहिल्या, यंदा कनिष्ठेची कोण?”

“आहे ना. शेजारी आलेत आता. नंदिनी म्हणून आहे, माझ्यासोबतच जाते रोज.”

“अरे वा! कोण नंदिनी?”

“नंदिनी गं. विम्याच्या ऑफिसात आहे.”

“हो, पण कोण? आडनाव काय?”

चारुलताच्या तोंडात ते नाव आलं आणि तिथेच थांबलं. तिने फोन कानापासून थोडा लांब धरला. “हॅलो? तुझा आवाज येऊन नाही राहिला. इथे रेंजचं काही खरं नाही बाप्पा.”

रेंज उत्तम होती. मोबाइलचा टॉवर त्यांच्याच लेआउटच्या टोकाला होता आणि तो हटवा म्हणून ओरडणाऱ्यांत विश्वनाथ सगळ्यात पुढे असायचा.

विश्वनाथला तिने रात्रीच्या जेवणावर विचारलं. त्याने पोळीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला.

“तू बघ ना. मी बायकांच्या गोष्टीत पडत नाही.”

“पडायला काय झालं? तुमच्याच घरच्या महालक्ष्म्या आहेत.”

“म्हणून तर म्हटलं, तू बघ. तुला कळतं त्यातलं.”

नीट झालं नाही तर मुखवटे जातील, हे त्यालाही कळत होतं. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट तीन दिवस बाथरूमसाठी रांग लागायची ती वाचेल, असा त्याचा चेहरा होता.

चारुलताने खूप विचार केला. पोळ्या लाटताना केला, मेट्रोत नंदिनीच्या शेजारी उभं राहून केला. देवीला काय फरक पडतो, असं एकदा वाटायचं. आईंना कळलं तर, असं लगेच वाटायचं. सरतेशेवटी तिने ठरवलं, नंदिनीलाच बसवायचं. ठरवल्यावर तिला एकदम मोकळं वाटलं. आपण किती पुढे आलो, रामटेकच्या आपल्या आईला हे जमलं नसतं, पोतनीसांच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नसतं, असं मनात येऊन ती स्वतःवरच खूश झाली. फक्त थोडी खबरदारी घ्यायची होती. आईंसमोर आडनाव निघू द्यायचं नाही. कोणी विचारलंच तर नंदिनीने हसून विषय बदलायचा. गेटवरच्या दगडी पाटीचंही काहीतरी करावं लागलं असतं. आपल्या कुंपणावरची बोगनवेल तिकडे झुकवली तर पाटी बरीचशी झाकली जाईल, हे तिने गच्चीवरून पाहून ठेवलं.

रविवारी सकाळी न्हाऊन, बरी साडी नेसून, ताटलीत हळदकुंकू आणि अक्षता घेऊन ती पहिल्यांदाच खोब्रागड्यांच्या घरात गेली.

नंदिनीची सासू अंजनाबाई समोरच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. पांढरी साडी, चष्म्याला दोरी. तिने चारुलताला ओळखलं आणि मेथीचं सूप बाजूला सरकवलं.

“या न बाई. काहून उभ्या राहून राहिल्या? बसा. रोज आमच्या नंदिनीच्या मांगं बसता, आज खुर्चीवर बसा.”

चारुलता हसली. घर अगदी तिच्या घरासारखंच होतं, तोच नकाशा, फक्त उलटा. जिथे तिच्याकडे देव्हारा होता तिथे इथे बुद्धाची मूर्ती आणि काचेच्या ग्लासात पांढरी फुलं. नंदिनी हात पुसत स्वयंपाकघरातून आली. ताटली पाहून जरा थबकली.

“ताई! काय विशेष?”

“तुला आमंत्रण द्यायला आले.” चारुलताने मनात घोळवून ठेवलेलं सगळं नीट मांडलं. कनिष्ठेचा पाट, भिंतीला भिंत, पिढ्यांचा रिवाज. “तर यंदा मान तुझा. संध्याकाळी आरतीला यायचं, मग जेवायला. हिरव्या बांगड्या मी भरेन तुला.”

नंदिनी अंजनाबाईंकडे बघत नव्हती. चारुलताकडेही बघत नव्हती. तिने खुर्ची ओढून घेतली आणि चारुलताच्या समोर बसली.

“ताई, राग मानू नका. आम्ही नाही बसत गौरीला.”

“अगं, मला काहीच वाटत नाही.” चारुलता पुढे झुकली. हे उत्तर तिच्याकडे तयार होतं. “खरंच सांगते, मी असलं काही मानतच नाही. माणूस माणूस असतो.”

“तुम्ही नाही मानत ताई. पण आम्ही मानतो न.”

चारुलताला एकदम कळलं नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे माह्या बापानं शपथ घेतली होती बाई,” अंजनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. बसचा मार्ग सांगावा तसं ती सांगत होती. “छप्पन साली. मी त्याच्या खांद्यावर होती, तवाचं मले फक्त लोकायच्या डोक्याचं रान आठवते. गौरी-गणपती मानणार नाही म्हून साऱ्यायनं म्हटलं. मंग आता मी सुनेले गौरीच्या म्होरं पाटावर कशी बसवू? तुमीच सांगा.”

“जेवायला दुसऱ्या कोणत्या दिवशी बोलवा, येतो आम्ही,” नंदिनी म्हणाली. “पुरणपोळी सोडते का मी? पण पाटावर नाही ताई. पाय धुवून घेणं, ओटी भरून घेणं, ते नाही जमणार.”

सगळं किती साधं होतं. नाही म्हणाली, हसून म्हणाली, जेवायला बोलवा म्हणाली. चारुलताने ‘बरं’ म्हणून उठावं, एवढंच राहिलं होतं. पण एवढे दिवस स्वतःशी भांडून जिंकलेली गोष्ट समोरच्याला नकोच आहे, हे तिला सोसेना. आपण एवढं मोठं काहीतरी घेऊन आलो आणि हिने चहाला नको म्हणावं तसं नको म्हटलं.

“एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे गं. तुझं काय जातं त्यात? माझ्या महालक्ष्म्या जातील. मी तुझ्यासाठी काय काय केलंय तुला माहीत नाही. घरून विचारलं तरी मी तुझं आडनावसुद्धा सांगितलं नाही.”

अंजनाबाई चष्म्यावरून तिच्याकडे बघू लागली.

“काहून?” नंदिनीने विचारलं.

एवढंच विचारलं. चारुलता ताटली उचलून उठली. दारापर्यंत नंदिनी सोबत आली. दार तिनेच उघडून धरलं.

“उद्या नेहमीच्या वेळेला निघू न ताई?” ती म्हणाली.

“हो,” चारुलता म्हणाली.

सोमवारी ती मागे बसली, पण मध्ये पर्स ठेवून. नंदिनी रस्त्याबद्दल, खड्ड्यांबद्दल बोलली. मेट्रोत दोघींनी आपापले फोन काढले.

महालक्ष्म्या आल्या. कुंकवाच्या पावलांवरून, ताटवाटी वाजवत, उंबरठ्यावरचं माप ओलांडून. चारुलताने निऱ्या घातल्या आणि त्या वर्षी त्या अशा बसल्या की तिची तिलाच दृष्ट लागेल असं वाटलं. जेवणाच्या दिवशी सकाळी ती मागच्या ओळीतल्या कौसल्याकडे गेली आणि संध्याकाळी पाटावर बसायला येशील का म्हणून विचारलं. कौसल्या टेलरिंग करायची, मोकळी होती, लगेच हो म्हणाली. तिच्या घराची भिंत पोतनीसांच्या घराला कुठेच लागत नव्हती. मागे एक गल्ली होती.

दुपारून इंदुताई आणि मंडळी आली.

“शेजारची कुठाय?” हाच पहिला प्रश्न.

चारुलता पुरण वाटत होती. मान वर न करता म्हणाली, “तिला अडचण आली आई. कालच. म्हणून मागच्या भिंतीची बोलावलीय.”

“आली असेल,” इंदुताई म्हणाल्या. “बाईच्या जातीला काय वेळकाळ असतो? मागची तर मागची. भिंत ती भिंत.”

मागे भिंत नाही, गल्ली आहे, हे बघायला त्या काही मागे जाणार नव्हत्या. आरती झाली. सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरणपोळी. कौसल्या पाटावर बसून तब्येतीने जेवली, दोनदा तूप मागितलं. सुरुचीने ज्येष्ठेच्या पाटावर बसून फोटो काढून घेतले. सगळं पार पडत होतं. इंदुताई जेवून बाहेर पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसल्या, हातात पानाचा विडा. चारुलता त्यांना सुपारी द्यायला बाहेर आली तेव्हा ॲक्टिव्हाचा हॉर्न वाजला.

उन्मेषने गाडी खोब्रागड्यांच्या गेटसमोर आडवी लावली होती. नंदिनी ऑफिसातून परत आली होती. हेल्मेट काढून ती पोतनीसांच्या गेटपाशी आली.

“ताई, गाडी जरा पुढे घ्यायला सांगता का? मला आत जाता येऊन नाही राहिलं.”

“तूच का गं शेजारची?” इंदुताईंनी खुर्चीतूनच विचारलं. “थांब, तिथेच थांब. आत येऊ नको. अडचण आहे ना तुला? इथे सोवळ्याचं आहे सगळं.”

“कसली अडचण?” नंदिनी म्हणाली.

चारुलताने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते नंदिनीला न कळण्यासारखं नव्हतं. मान हलवायची होती, एक ‘हो’ म्हणायचं होतं. रोज ट्रकच्या आणि बसच्या मधून गाडी काढणारी बाई, तिला हे अवघड नव्हतं.

नंदिनीने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

“मला काही नाही झालं आजी. आम्ही बौद्ध आहोत. आम्ही बसत नाही महालक्ष्मीला. ताई आल्या होत्या बोलवायला, तेव्हाच मी सांगितलं होतं त्यांना.” मग जरा थांबून, “गाडी तेवढी काढायला सांगा.”

उन्मेष किल्ली घेऊन धावत गेला. गाडी सरकली, नंदिनी आत गेली, गेटची कडी वाजली. इंदुताईंनी विडा तोंडात घातला नाही. तसाच हातात धरून बसल्या. आतून सुरुची येऊन दारात उभी राहिली होती. विश्वनाथही आला आणि लगेच पाणी आणायला म्हणून परत गेला.

“तू बोलवायला गेली होतीस,” इंदुताई म्हणाल्या.

“आई, भिंतीला भिंत तीच आहे.”

“आणि अक्षता घेऊन गेली होतीस?”

“हो.”

“ती हो म्हणाली असती तर माझ्या पुढ्यात तिला पाटावर बसवली असतीस. मी तिच्या पायावर पाणी घातलं असतं.” इंदुताईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आणि ती नाही म्हणाली, तर देवीसमोर खोटं बोललीस. तिच्या अंगावर ढकलून.”

“आई, मी दुसरं काय करायचं होतं?”

“काही नाही. तुझा काय दोष? इथे देवीला शेजारच नाही.”

“आमच्याकडे तसा प्रश्न येत नाही आई,” सुरुची दारातून म्हणाली. “आमच्या मजल्यावर भिंतीला भिंत सगळे आपलेच आहेत.”

कौसल्या हात धुवून बाहेर आली तेव्हा कोणी काही बोलत नव्हतं. तिला वाटलं पान संपलं असेल. “मले नको पान,” ती म्हणाली. “जेवण एकच नंबर झालं काकू.”

तिसऱ्या दिवशी दोरे घेतले, दहीभाताचा नैवेद्य झाला, मुखवटे हलवले. दरवर्षी चारुलता ते मऊ पंचात गुंडाळून पितळी डब्यात ठेवायची आणि डबा तिच्याच कपाटात जायचा. या वर्षी गुंडाळायचं काम तिनेच केलं. डबा सुरुचीने उचलला. कोथळ्यांमधलं धान्य एका गोणीत ओतलं आणि कोथळ्या उन्मेषच्या गाडीच्या डिकीत आडव्या गेल्या.

“कोथळीत जास्त धान्य भरू नको,” चारुलता गाडीच्या खिडकीशी उभी राहून सांगत होती. “कंबर जाड दिसते. आणि निऱ्या घालायच्या आधी आतून एक साधं पातळ गुंडाळायचं, नाहीतर घसरते.”

“यूट्यूबवर आहे सगळं वहिनी,” सुरुची म्हणाली. “तुम्ही फक्त जेवायला या. आरामात या, पाहुण्यासारख्या.”

इंदुताई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताला दया होती, आणि ती चारुलताला सगळ्यात जास्त लागली.

गाडी गेली. विश्वनाथने हॉलमधली चटई गुंडाळली. “दगदग वाचली तुझी,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “उरलेल्या करंज्या आहेत का गं?”

चारुलता रात्रभर मनात भांडत होती. आईंशी नाही. सुरुचीशीही नाही. ज्यांनी मुखवटे नेले त्यांच्यावर तिचा राग टिकतच नव्हता, कारण त्यांच्याकडून दुसरं काही होणारच नव्हतं. राग सारखा भिंतीकडे जात होता. एक ‘हो’ म्हटलं असतं तर. गेटशी नुसती मान हलवली असती तर. शपथ तिच्या सासूच्या बापाने घेतली होती, तिचं काय गेलं असतं? आपण कुठलं ओझं घेऊन तिच्या दारात गेलो होतो, आणि तिच्यावर काय खोटं ढकललं होतं, ते मध्येच आठवायचं. ते आठवलं की ती कूस बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

सकाळी ती गेटशी आली तेव्हा ॲक्टिव्हा उभी होती. नंदिनीने जास्तीचं हेल्मेट हातात धरलं होतं. ती थांबणार नाही, असं चारुलताला वाटलं होतं. वाटलं कशाला, तशी आशाच होती. ती न थांबता निघून गेली असती तर सगळं सोपं झालं असतं.

“बसा ताई,” नंदिनी म्हणाली. नेहमीच्यासारखं नव्हतं ते, पण म्हणाली.

“मी आजपासून ऑटोने जाईन.”

नंदिनीने तिच्याकडे पाहिलं. आता ती विचारेल, असं वाटून चारुलताने उत्तर जुळवायला घेतलं.

“बरं ताई,” नंदिनी म्हणाली. हेल्मेट डिकीत टाकलं आणि गेली.

शेअर ऑटोत चार जण आधीच होते. कौसल्या मनीषनगरला अस्तराचं कापड आणायला निघाली होती. तिने सरकून जागा केली.

“या न काकू. आज तुमच्या मैत्रिणीसंग नाही?”

“मैत्रीण कसली,” चारुलता म्हणाली. पुढचं ती बोलणार नव्हती. पण ऑटो खड्ड्यांतून हलत होता, कौसल्या तोंडाकडे बघत होती, आणि गेल्या कित्येक दिवसांत कोणी तिला काही विचारलं नव्हतं. “मी तिला पाटावर बसवायला निघाले होते, माहीत आहे? महालक्ष्मीपुढे. घरी अक्षता घेऊन गेले. आमच्या सासूबाई, दीर, सगळ्यांचा विरोध पत्करून. तर म्हणे आम्ही तुमची देवी मानत नाही. दारातून परत पाठवलं मला.”

समोर बसलेल्या एका बाईने फोनमधून डोकं वर काढलं.

“अशीच असतात ही लोकं,” कौसल्या म्हणाली. “किती बी करा त्यायचं. तुमी फार मोठ्या मनाच्या हो काकू. दुसरं कोणी गेलंच नसतं.”

सगळ्यांचा विरोध कधी झालाच नव्हता. कोणाला सांगितलंच नव्हतं. दारातून तिला कोणी परत पाठवलं नव्हतं. त्या घरात तिला खुर्ची दिली होती. चारुलताला हे सगळं स्पष्ट माहीत होतं. तिने पदर गुडघ्यांत नीट दाबून घेतला.

“हो ना,” ती म्हणाली. आणि समोरच्या बाईलाही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने पहिल्यापासून सांगू लागली.